इन्फर म्हणजे काय? इन्फरचा मराठी अर्थ आणि वापर

एआयवरचा लेख वाचताना ‘इन्फर’ हा शब्द हमखास येतो. डिक्शनरी ॲप ‘अनुमान काढणे’ एवढं सांगून मोकळं होतं. अर्थ बरोबर आहे, पण वापर कळत नाही. म्हणून मी रत्नागिरीचंच उदाहरण घेतो.

उक्षी, कशेळी, बारसूच्या सड्यांवर जांभ्यात कोरलेली कातळशिल्पं आहेत. २०२२ मध्ये ती युनेस्कोच्या संभाव्य यादीत आली. त्यांवर ना तारीख, ना कोरणाऱ्याचं नाव. मग काळ कसा ठरवायचा? अभ्यासकांना चित्रांत प्राणी, पक्षी, मासे भरपूर दिसले, शेतीचं चित्र मिळालं नाही. त्यावरून त्यांनी इन्फर केलं की कोरणारी माणसं शिकारीवर जगणारी असावीत. काही ठिकाणी गेंडाही आहे आणि आज कोकणात गेंडा नाही. म्हणजे पूर्वी इथे गेंडे असावेत, किंवा गेंडा पाहिलेली माणसं दुसरीकडून आली असावीत. पुरावा एक, इन्फरन्स दोन!

इथे ‘असावेत’ बघा. मराठीत इन्फरचं अर्धं काम हे ‘असावा’, ‘असणार’च करतात. भाषांतरात दरवेळी ‘अनुमान’ घुसवायची गरज नाही. आणि हातात पुरावाच नसेल तर तो गेस, म्हणजे नुसता अंदाज.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो इम्प्लायशी. काकू म्हणाल्या, “यंदा तुमच्याकडे हापूस लवकर आला म्हणे!” काकूंनी पेटी मागितली नाही, फक्त सुचवलं. हे इम्प्लाय. तुम्ही ते ओळखलंत, हे इन्फर. बोलणारा इम्प्लाय करतो, ऐकणारा इन्फर. इंग्लिशमध्ये बरेच जण दोन्हीकडे इन्फर वापरतात, पण परीक्षेत तसं लिहू नका.

कशावरून अनुमान काढलं ते सांगताना पुढे ‘फ्रॉम’ येतं. भूतकाळी ‘इन्फर्ड’च्या स्पेलिंगमध्ये दोन आर येतात.

आता फोनकडे या. हातखंब्याजवळ गुगल मॅप्सवर लाल रेघ दिसते, तेव्हा तिथे कोणी बसून गाड्या मोजत नसतं. रस्त्यावरचे बरेच फोन हळू सरकतायत, त्यावरून ॲप ट्रॅफिक इन्फर करतं. एआयमध्येही ट्रेनिंग झालेलं मॉडेल तुमच्या प्रश्नाचं उत्तर तयार करतं, त्या टप्प्याला इन्फरन्सच म्हणतात. चॅटबॉटचं ठासून दिलेलं उत्तरसुद्धा मी मनातल्या मनात ‘असावं’ लावूनच वाचतो.