कोणाच्या हातचा चहा? : कोल्हापूरची पंगत आणि आपलेपणाचा इतिहास

१/८
पंगतीत कोणाशेजारी बसावे, कोणाच्या हातचे पाणी प्यावे, हे शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी माणसाच्या आवडीवर नव्हे, जन्मावर ठरत असे. रोटी आणि बेटी या दोन व्यवहारांनी ‘आपले’ कोण आणि ‘परके’ कोण हे निश्चित होई. कोल्हापुरात ही रेषा पुसण्याचा प्रयत्न कसा झाला, त्याचा हा धागा.

२/८
१८९६ मध्ये छत्रपती शाहू महाराजांच्या राजवटीत राजाराम कॉलेजला जोडून सर्व जातींसाठी एकच वसतिगृह निघाले. हेतू उदार होता; प्रत्यक्षात ते ब्राह्मण विद्यार्थ्यांचेच होऊन बसले. एका छपराखाली राहणे शक्य होते, एका स्वयंपाकघरात जेवणे नव्हते.

३/८
म्हणून महाराजांनी वेगळी वाट धरली. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग, त्याच वर्षी जैन बोर्डिंग, १९०६ मध्ये मुस्लिम बोर्डिंग आणि १९०८ मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. कोल्हापूरला पुढे वसतिगृहांची जननी म्हटले गेले ते यामुळे.

४/८
खेड्यातून आलेल्या मुलाला येथे अन्न, निवारा आणि घरच्यासारखी माणसे मिळाली. परंतु दारावरच्या पाटीवर जातीचे नाव कायम राहिले. ज्या रूढीने आधार दिला, तिनेच भिंतही राखली.

५/८
मग कायदा आला. १९१८ मध्ये महार वतन रद्द झाले. १९१९ च्या आदेशांनी शाळा, दवाखाने आणि सार्वजनिक पाणवठ्यांवर अस्पृश्यता पाळण्यास मनाई झाली. पण हुकुमाने विहीर खुली होते. शेजारी बसून घोट घेण्याची इच्छा हुकुमाने निर्माण होत नाही.

६/८
गंगाराम कांबळे राजवाड्याच्या चाकरीत होते. पाण्याच्या हौदाला शिवल्यावरून सवर्ण नोकरांनी त्यांना मारहाण केली. महाराजांनी दोषींना शिक्षा केली आणि गंगारामांना स्वतंत्र धंद्यासाठी साहाय्य दिले. त्यातून भाऊसिंगजी रस्त्यावर चहाचे हॉटेल उभे राहिले.

७/८
महाराज तेथे गाडी थांबवून चहा मागवीत आणि सोबतच्या मंडळींनाही पाजीत. ती मंडळी प्रथम प्याली ती गंगारामांवरील स्नेहाने नव्हे, राजाच्या भिडेने. तरीही जे भर रस्त्यात घडले ते घरी जाऊन नाकारता येत नव्हते. समतेचा पहिला घोट असा संकोचाचाच असतो.

८/८
मार्च १९२० मध्ये माणगाव परिषदेत महाराज डॉ. बाबासाहेब आंबेडकरांसह उपस्थित राहिले. ६ मे १९२२ रोजी त्यांचे निधन झाले. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या तळ्याचे पाणी पिण्यासाठी सत्याग्रहच करावा लागला. रेषा पुसली गेली नव्हती. मात्र कोल्हापुरात महाराजांचे स्मारक उभारण्यात पुढाकार घेणारे होते गंगाराम कांबळे. एका कप चहाने जोडलेले नाते राजा गेल्यावरही टिकून होते, आणि ते टिकवण्यासाठी कोणाच्या हुकुमाची गरज पडली नाही.