पोतराजाचा आसूड

पोतराजाचा आसूड (अन्य नावे: कोरडा, चाबूक) हे मरीआईचे उपासक असलेले पोतराज आणि कडकलक्ष्मीवाले वापरतात ते दोरीसारखे वळलेले, मुठीशी जाड व टोकाशी निमुळते होत जाणारे साधन आहे. देवीचे आगमन कळवणे, जमलेल्या लोकांचे लक्ष वेधणे आणि स्वतःच्या अंगावर फटके ओढून घेणे अशा तिन्ही कामांसाठी त्याचा उपयोग होतो. महाराष्ट्रात चाबकाचा कडकडाट काढण्याची कला जिवंत राहिली ती मुख्यतः या परंपरेत. बैल हाकताना चाबूक वापरला जातो, पण त्यात आवाज हे साध्य नसते. विदर्भात, विशेषतः चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांत, ही परंपरा चंद्रपूरच्या महाकाली यात्रेच्या निमित्ताने सर्वाधिक दिसते. ही कला पूर्वी केवळ बापाकडून मुलाकडे जात असे. आता जगभरचे हौशी लोक आंतरजालावरील शिकवणीच्या चित्रफिती पाहून चाबूक वाजवायला शिकतात. दोन्ही शिक्षणांत हाताची क्रिया एकच असली, तरी त्यांमागील कारणे अगदी वेगळी आहेत.

नाव

‘पोतराज’ हा शब्द तेलुगूतील ‘पोतुराजु’ या नावावरून आला असे मानले जाते. तेलंगणात पोतुराजु हा ग्रामदेवता असलेल्या सात बहिणींचा भाऊ समजला जातो. ‘आसूड’ व ‘असूड’ अशी दोन्ही रूपे मराठीत आढळतात. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८३ साली लिहिलेल्या ग्रंथाच्या शीर्षकात, ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये, दुसरे रूप आहे. ‘कोरडे ओढणे’, ‘शब्दांचे आसूड ओढणे’ हे वाक्प्रचार कठोर टीकेसाठी रूढ आहेत. वृत्तपत्रांत ते सर्रास वापरले जातात, मात्र खरा कोरडा पाहिलेले वाचक आता थोडेच असावेत.

घडण

पारंपरिक आसूड घायपाताच्या वाखाचा, अंबाडीचा किंवा सुताचा असतो. पेड एकमेकांत घट्ट वळत नेताना प्रत्येक टप्प्यावर थोडे तंतू कमी केले जातात, त्यामुळे मनगटाएवढी जाड मूठ टोकाशी बोटाहूनही बारीक होते. शेवटी तंतूंचा एक सुटा झुबका ठेवतात. कडकडाटाचा उगम याच झुबक्यापाशी होतो व तो झिजला की बदलावा लागतो. पोतराजांपैकी अनेक जण ज्या मातंग समाजातून आले, त्याचा पारंपरिक व्यवसायच दोर वळण्याचा होता. त्यामुळे पूर्वी आसूड विकत घ्यावा लागत नसे. अलीकडे नायलॉनचे दोरही वापरले जातात. ते टिकाऊ असले तरी अंगावर अधिक लागतात.

पोतराजाचा वेश या साधनाइतकाच ओळखीचा आहे: कमरेला रंगीबेरंगी खणांचा घागरा (आभरान), घुंगरांची माळ, न कापलेले केस, कपाळभर हळद-कुंकू. सोबतची स्त्री मरीआईची पेटी डोक्यावर घेते आणि ढोलकीसारखे वाद्य वाजवते. पार्थ पोळके यांच्या आत्मकथनाला ‘आभरान’ हेच नाव आहे. पोतराजाच्या घरातील मुलाच्या नजरेने या जीवनाकडे पाहणारे ते मराठीतील महत्त्वाचे पुस्तक होय.

आवाज कसा निर्माण होतो

आसुडाचा आवाज जमिनीवर किंवा अंगावर आपटल्याने होतो असा सार्वत्रिक समज आहे. प्रत्यक्षात तो हवेतच निर्माण होतो. हाताला झटका देऊन तो अचानक थांबवला की आसुडात एक वळसा तयार होतो आणि तो मुठीकडून टोकाकडे धावतो. आसूड पुढे पुढे हलका होत असल्यामुळे तीच ऊर्जा कमी वस्तुमानात साठत जाते व वेग वाढतो. शेवटच्या क्षणी टोक ध्वनीच्या वेगाला मागे टाकते, आणि त्यातून निघणारी आघात-लहर आपल्याला कडकडाट म्हणून ऐकू येते. ध्वनीचा वेग २० अंश सेल्सिअस तापमानाला सेकंदाला सुमारे ३४३ मीटर असतो, म्हणजे ताशी सुमारे १,२३५ किलोमीटर. उष्ण हवेत तो वाढतो. चैत्रातल्या चंद्रपुरात पारा ४० अंशांवर गेला की तो सेकंदाला सुमारे ३५५ मीटर होतो, म्हणून तेथील पोतराजाला किंचित जास्त वेग गाठावा लागतो. अर्थात हा फरक हाताला जाणवण्याइतका नाही.

टोक ध्वनीपेक्षा वेगाने जात असावे हा तर्क जर्मन भौतिकशास्त्रज्ञ ऑटो लुमर यांनी १९०५ मध्ये मांडला होता. १९२७ मध्ये कारिएर यांच्या छायाचित्रणाने त्याला आधार मिळाला, आणि १९५८ मध्ये बर्नस्टाइन, हॉल व ट्रेंट यांनी चाबकाच्या गतीचे गणित प्रसिद्ध केले. पुढे १९९८ मध्ये क्रेल आणि सहकाऱ्यांनी अतिवेगवान छायाचित्रणातून टोकाची गती व आघात-लहर यांचा मेळ घातला. २००२ मध्ये अ‍ॅरिझोना विद्यापीठातील गोरिएली व मॅकमिलन यांनी या सर्व प्रक्रियेत धावणाऱ्या वळशाची भूमिका मध्यवर्ती असल्याचे दाखवले. माणसाने बनवलेल्या वस्तूंपैकी ध्वनीचा वेग ओलांडणारी पहिली वस्तू चाबूक असावी, असे अनेकदा म्हटले जाते.

पारंपरिक शिक्षण

पोतराजपण बहुधा नवसातून येत असे. मूल जगावे किंवा व्हावे म्हणून मरीआईला बोललेल्या नवसाप्रमाणे मुलगा देवीला वाहिला जाई, त्याचे केस राखले जात आणि तो बापाबरोबर किंवा दुसऱ्या पोतराजाबरोबर दारोदार फिरू लागे. आसूड ‘शिकवण्याची’ वेगळी वेळ नसे. मूल आधी आखूड दोरी फिरवत असे, मग हलका आसूड हाती येई, आणि पूर्ण लांबीचा आसूड खांदा व मनगट तयार झाल्यावर मिळे. मंगळवार व शुक्रवार हे देवीचे वार, तसेच आषाढ महिना हा सरावाचाच काळ असे, कारण तोच मागतीचाही काळ होता.

या शिक्षणाचा सर्वांत अवघड भाग आवाजाचा नसून अंगावर घेण्याचा आहे. टोकाचा वेग हवेत खर्ची पडल्यावर उरलेला, मंदावलेला आसूड पाठीभोवती वा दंडाभोवती गुंडाळला गेला, तर मार सौम्य बसतो. वेळ चुकली आणि वेगात असलेले टोकच अंगावर आले, तर कातडी फाटते. म्हणजे कडकडाट आणि मार या दोन वेगळ्या घटना असून त्यांच्यातील क्षणभराचे अंतर राखणे हेच खरे कौशल्य ठरते. तरीही इजा होतच नाही असे नाही. नेहमी फटके घेणाऱ्यांच्या दंडावर व पाठीवर वळ कायमचे राहतात. काही पोतराज दंडाला दोरी आवळून दाभण टोचून घेण्याचा प्रकारही करत. त्यात कौशल्यापेक्षा सहन करण्याचाच भाग मोठा होता.

चित्रफितींवरून शिक्षण

आंतरजालावरील शिकवणीच्या बहुतेक चित्रफिती ऑस्ट्रेलियन गुराख्यांच्या आणि अमेरिकी पद्धतीच्या चामडी चाबकांवर आधारलेल्या आहेत. त्यांतील प्राथमिक धडे साधारण सारखेच असतात. आखूड चाबकाने सुरुवात करावी, आजूबाजूला मोकळी जागा ठेवावी, चष्मा व रुंद काठाची टोपी घालावी, चाबूक डोक्यावरून पुढे आणताना हात एकाच प्रतलात ठेवावा आणि जोर लावण्याऐवजी योग्य क्षणी थांबावे. नवशिक्याची ठरलेली चूक म्हणजे जोर लावणे. जोराने वळसा मोडतो, टोक भरकटते आणि बहुधा शिकणाऱ्याच्याच कानशिलावर येते. डोळ्याला होणारी इजा ही यातील सर्वांत गंभीर शक्यता आहे, आणि कानाजवळ वारंवार कडकडाट काढल्याने श्रवणशक्तीलाही धोका पोहोचतो.

चित्रफितीच्या माध्यमाला काही मूलभूत मर्यादा आहेत. साध्या मोबाइलच्या कॅमेऱ्यात सेकंदाला ३० चित्रे टिपली जातात. ध्वनीच्या वेगाने जाणारी वस्तू दोन चित्रांमधल्या वेळात सुमारे ११ मीटर अंतर कापू शकते, म्हणजे आवाज निघण्याचा नेमका क्षण चित्रफितीत दिसतच नाही. सेकंदाला २४० चित्रे टिपणाऱ्या संथगती चित्रणातही हे अंतर जवळजवळ दीड मीटर भरते. त्यामुळे अशा चित्रफितीतून टोकाचा अभ्यास करता येत नाही, हाताचा मात्र करता येतो. चांगले शिक्षक म्हणूनच कॅमेरा मनगटावर व खांद्यावर ठेवतात. दुसरी अडचण खोलीची आहे. समोरून केलेल्या चित्रणात चाबूक उभ्या प्रतलात फिरतो की तिरक्या, हे सपाट पडद्यावर कळत नाही, त्यासाठी तेच चित्रण बाजूनेही पाहावे लागते. समोरासमोरच्या चित्रणात डावे-उजवे उलटते ही गोष्ट वेगळी. शिवाय चित्रण दूरवरून केले असल्यास आवाज चित्राच्या मागे पडतो: ३४ मीटरांवरून सेकंदाचा दहावा भाग. तेवढ्याने ‘आवाज कधी झाला’ याचा अंदाज चुकतो.

या धड्यांतील सर्वच गोष्टी पोतराजाच्या आसुडाला लागू पडत नाहीत. चामडी चाबकाला ताठ दांडी असते आणि वळसा तिच्या टोकापासून सुरू होतो. पोतराजाच्या दोरवजा आसुडाची मूठ त्या मानाने जाड व जड असते, त्यामुळे खांद्याचा वापर अधिक होतो. उलट दिशेने, यात्रेत टिपलेल्या पोतराजांच्या चित्रफिती शिकवणीसाठी बनवलेल्या नसतात. त्या पाहून मुलांनी दोरीने अंगावर फटके मारून घेण्याचे अनुकरण करणे धोक्याचे आहे, कारण वर सांगितलेले क्षणाचे अंतर त्यांत दिसत नाही.

चंद्रपूर व गडचिरोली

चंद्रपूरचे महाकाली मंदिर झरपट नदीकाठी आहे. त्याच्या उभारणीचे श्रेय गोंड राणी हिराई हिला दिले जाते. येथे चैत्रात भरणाऱ्या यात्रेला स्थानिकांपेक्षा मराठवाड्यातील, विशेषतः नांदेड व परभणीकडील भाविकांची, तसेच तेलंगणातील लोकांची गर्दी लक्षणीय असते. नदीत स्नान करून, हळद-कुंकू उधळत, वाजतगाजत मंदिराकडे जाणाऱ्या जथ्यांच्या पुढे आसूड फिरवणारे पोतराज असतात. दाटीवाटीच्या रस्त्यात आसुडासाठी आपोआप गोल मोकळा होतो, आणि कडकडाटाचे एक व्यावहारिक काम हेही आहे.

या भागातील परंपरेचा तेलंगणाशी असलेला संबंध भूगोलावरूनही समजतो. राजुरा परिसर १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात होता. १९८२ मध्ये चंद्रपुरातून वेगळ्या झालेल्या गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, सिरोंचा भागात, तेलुगू ही रोजच्या व्यवहाराची भाषा आहे. गडचिरोलीच्या जंगलातील माडिया गोंडांच्या गावांत मात्र पोतराज ही संस्था नाही. तेथील गावदेवतांची पूजा गावचा गायता किंवा पुजारी करतो. ‘आदिवासींचा आसूड’ असे जे वर्णन क्वचित वाचायला मिळते, ते या दोन परंपरांची सरमिसळ करणारे आहे.

सामाजिक बाजू

पोतराज बहुसंख्येने महार व मातंग समाजांतून येत. पटकीसारख्या साथींची देवता मानलेल्या मरीआईचा गाडा गावाच्या शिवेबाहेर नेण्याचे काम त्यांच्याकडे असे. गावाचे संकट अंगावर घेणारा म्हणून एका दिवसाचा मान, आणि उरलेले दिवस मागून खाणे, अशी ती व्यवस्था होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे व त्यानंतर दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबरला, चंद्रपूर येथे धम्मदीक्षा दिली. दीक्षा घेतलेल्या कुटुंबांनी मरीआईची सेवा सोडली, आणि त्यांच्यातील पोतराजपणही संपत गेले. महाकालीची यात्रा आणि दीक्षाभूमी एकाच शहरात असल्यामुळे चंद्रपुरात हा बदल विशेष ठळक आहे.

भटकंती करणारे कडकलक्ष्मीवाले व मरीआईवाले यांचा समावेश राज्याच्या भटक्या जमातींच्या यादीत आहे. त्यांच्यातील मुलांचे शिक्षण हा सर्वांत कळीचा प्रश्न आहे. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्यानुसार ६ ते १४ वयाच्या मुलांना मोफत व सक्तीचे शिक्षण मिळायला हवे, आणि आसूड शिकण्याचे वय नेमके हेच आहे. फिरस्त्या कुटुंबात लहान मुलाच्या हातचा आसूड मोठ्याच्या आसुडापेक्षा जास्त पैसे मिळवून देतो, ही गोष्ट शाळेच्या बाजूने जात नाही.

महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत भूत उतरवण्याच्या नावाखाली एखाद्याला दोरीने वा साखळीने बांधणे, काठीने किंवा चाबकाने मारणे यांचा समावेश आहे. हा गुन्हा दुसऱ्या व्यक्तीला केलेल्या मारहाणीचा आहे, त्यामुळे बाधा उतरवण्यासाठी भाविकाच्या पाठीवर ओढलेला आसूड त्याच्या कक्षेत येऊ शकतो.

अन्यत्र

हैदराबाद व सिकंदराबादच्या बोनालू उत्सवात आषाढात पोतुराजु हळदीने माखलेल्या अंगाने, हाती वळलेला आसूड घेऊन मिरवणुकीपुढे नाचतो. वेशभूषा वेगळी असली तरी मराठी पोतराजाचे हे सर्वांत जवळचे नाते आहे. बव्हेरिया आणि साल्झबुर्गच्या सीमाभागात हिवाळा सरताना गावकऱ्यांचे गट एका ठरलेल्या क्रमाने लांब चाबूक वाजवतात. हंगेरीच्या मैदानातील घोडेपाळ आणि ऑस्ट्रेलियातील गुराखी यांच्यातही ही कला आहे, व ऑस्ट्रेलियात तिच्या स्पर्धा होतात. १९८१ च्या ‘रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क’ या चित्रपटानंतर शहरी हौशी लोकांत चाबकाची आवड वाढली, आणि आजच्या चित्रफितींचा प्रेक्षक बऱ्याच अंशी तेथूनच आला आहे.