एका वेळी एकच पाहुणा

१९७८च्या जानेवारीत शिकागो हिमवादळाने ठप्प झाले असता वॉर्ड ख्रिस्तेनसेन आणि रँडी स्यूस या दोघा संगणकप्रेमींनी एक संगणकीय सूचनाफलक घडवायला घेतला. १६ फेब्रुवारीला तो सुरू झाला. दूरध्वनीच्या तारेवरून मोडेमने त्याच्याशी जोडून घ्यायचे, आधीच्यांचे निरोप वाचायचे, आपला लिहून ठेवायचा आणि पुढच्यासाठी तार मोकळी करायची, असा तिथला रिवाज. तार एकच, म्हणून पाहुणाही एका वेळी एकच. वेग सेकंदाला जेमतेम ३० अक्षरे. पुढे १९८२ साली आलेल्या कमोडोर ६४सारख्या घरगुती यंत्रांवर कितीतरी हौशी मंडळींनी असे बुलेटिन बोर्ड चालवले.

त्यांपैकी काही आज त्याच यंत्रांवर, पण आंतरजालाला जोडून चालतात. ६४ किलोबाइट स्मृतीच्या यंत्राला आंतरजालाची भाषा शिकवण्याचा खटाटोप बहुधा कोणी करत नाही. मध्ये एक दुभाषा बसवतात. मोडेमचे सोंग घेतलेले हे छोटेसे उपकरण असते. बाहेरून कोणी टेलनेटने आले, की ते यंत्राला घंटी वाजल्याचा निरोप देते आणि यंत्र फोन उचलल्यासारखे उत्तर देते. बाहेर जाताना यंत्र जुनीच डायल करण्याची आज्ञा सोडते; क्रमांकाच्या जागी आंतरजालावरचा पत्ता असतो, इतकेच. आपण दूरध्वनीवर नाही, याचा यंत्राला पत्ताच नसतो.

भाषांतराचा विचार करणाऱ्यांना यात ओळखीचे काही दिसावे. हा दुभाषा अक्षर न् अक्षर पोहोचवतो, कमोडोरची स्वतंत्र अक्षरसंहिता आणि तिच्यातल्या रेघा-चौकटींसह. त्याला पोहोचवता येत नाही ते अंतर. अमेरिकेत स्थानिक फोन बहुधा ठरावीक मासिक आकारात होत, लांबचे मिनिटागणिक महाग पडत. म्हणून फलकावर जमणारे बरेचसे एकाच परिसरातले असत; तिथल्या शेजारधर्मात दरपत्रकाचाही वाटा होता. आज शिकागोहून येणारा आणि पुण्याहून येणारा सारखाच जवळचा.

याचे आम्हांला दुःख नाही. दार अधिकांना खुले झाले, हे चांगलेच. मात्र संहिता जपली म्हणजे तिचा काळही जपला, असे मानू नये. स्यूस २०१९मध्ये गेले, ख्रिस्तेनसेन २०२४मध्ये. चालते यंत्र त्यांचा फलक कसा दिसे ते दाखवील. तार मोकळी होण्याची वाट पाहणे काय होते, हे मात्र कुणीतरी लिहूनच ठेवावे लागेल.