लिंटरमधल्या स्पेलिंगच्या चुका : कुठं दुरुस्त करायच्या, कुठं हात लावायचा नाही

इंजिनिअरिंग किंवा बीसीए करणाऱ्या मुलांना सीनियर मंडळींचा एक सल्ला ठरलेला असतो. 'ओपन सोर्समध्ये थोडंफार काम कर, बायोडेटात दिसतं.' सुरुवात कुठून करायची, असं विचारलं की उत्तर येतं, 'स्पेलिंगच्या चुका दुरुस्त करून पाठव.' सल्ला चांगला आहे, पण अर्धवट आहे. कुठली चूक दुरुस्त करायची आणि कुठली तशीच ठेवायची, हे कुणी सांगत नाही. त्यामुळं मुलं उत्साहानं दुरुस्ती पाठवतात, ती नाकारली जाते आणि 'हे आपलं काम नव्हे' असं म्हणून गप्प बसतात.

हा लेख त्या उरलेल्या अर्ध्या सल्ल्यासाठी आहे. उदाहरण लिंटरचं घेतलं आहे, कारण लिंटर हा दुसऱ्यांच्या चुका दाखवणारा प्रोग्रॅम. त्याच्याच घरात चूक असेल तर ती जास्त डोळ्यांत भरते.

लिंटर म्हणजे काय?

कोड न चालवता, नुसता वाचून त्यातल्या संशयास्पद जागा दाखवणारा प्रोग्रॅम म्हणजे लिंटर. आम्हा कॉमर्सवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर हा ऑडिटर. तो दुकान चालवत नाही, फक्त वह्या तपासतो. व्हाउचर नाही, बेरीज जुळत नाही, एकच नोंद दोनदा आली आहे, असं बोट ठेवून दाखवतो.

पहिला 'लिंट' बेल लॅबमध्ये स्टीफन जॉन्सन यांनी सी भाषेसाठी लिहिला. त्यावरचा त्यांचा अहवाल १९७८ चा. कपड्याला चिकटलेल्या बारीक तुसाला इंग्रजीत लिंट म्हणतात, त्यावरून हे नाव पडलं. आज जवळपास प्रत्येक भाषेला लिंटर आहे. पायथनसाठी २००३ पासूनचा पायलिंट, जावास्क्रिप्टसाठी निकोलस झाकस यांनी २०१३ मध्ये सुरू केलेला ईएसलिंट, रुबीसाठी रुबोकॉप, रस्टसाठी क्लिपी. हे सगळे ओपन सोर्स आहेत. कोड उघडा असतो आणि दुरुस्ती कुणीही सुचवू शकतो.

कॉमेंटमधली चूक वेबसाइटवर कशी जाते?

'कॉमेंट संगणक वाचतच नाही, मग तिच्यातली चूक कुणाला नडते?' हा प्रश्न रास्त आहे. साध्या प्रोग्रॅममध्ये कॉमेंट ही पुढच्या प्रोग्रॅमरसाठी लिहिलेली चिठ्ठी असते. अनेक लिंटरमध्ये मात्र ती चिठ्ठी थेट चव्हाट्यावर येते.

क्लिपीचं घ्या. त्यातला प्रत्येक नियम जिथं जाहीर होतो, तिथंच वर कॉमेंटमध्ये तो काय तपासतो, का तपासतो आणि उदाहरण काय, हे लिहिलेलं असतं. त्याच मजकुरातून क्लिपीच्या नियमांचं वेबपान तयार होतं. रुबोकॉपमध्येही नियमाच्या वरच्या कॉमेंटमधूनच माहितीपान बनतं. म्हणजे वेबसाइटवर चूक दिसली तर पान दुरुस्त करून उपयोग नाही. मुळाशी जाऊन कोडमधली कॉमेंट सुधारावी लागते, नाहीतर पान पुन्हा तयार झालं की चूक परत हजर. ईएसलिंटमध्ये व्यवस्था वेगळी आहे. तिथं नियमांची माहितीपानं स्वतंत्र मार्कडाउन फायलींत असतात.

म्हणून पहिला नियम असा, की चूक दिसली की आधी तो मजकूर नेमका कुठून येतो ते शोधा.

कुठली चूक खरी महागात पडते?

सगळ्या चुका सारख्या वजनाच्या नसतात. त्यांचे ढोबळ चार प्रकार करता येतील.

पहिला, नुसती खटकणारी चूक. 'सेपरेट'मध्ये 'ए'च्या जागी 'ई', 'रिसीव्ह'मध्ये 'ई' आणि 'आय' यांची अदलाबदल, 'ऑकर्ड'मध्ये एकच 'आर'. वाचणाऱ्याला अर्थ कळतो. दुरुस्त करावी, पण घाई नाही.

दुसरा, शोध अडवणारी चूक. प्रोग्रॅमर हजारो फायलींत शब्द शोधून काम करतात. शब्दच चुकीचा लिहिला असेल तर शोधात ती ओळ येणारच नाही. लिनक्स कर्नलच्या जुन्या सूचनांत किरकोळ दुरुस्त्यांची यादी होती. त्यात 'ग्रेप' या शोध-आज्ञेला अडथळा होईल अशा स्पेलिंगच्या चुकांचा वेगळा उल्लेख होता.

तिसरा, नक्कल केली जाणारी चूक. लोक माहितीपानावरचं नियमाचं नाव किंवा सेटिंग उचलून आपल्या फायलीत चिकटवतात. तिथं एक अक्षर इकडचं तिकडं झालं तर नियम बंद होत नाही किंवा सुरू होत नाही, आणि माणूस दोन तास आपल्याच कोडमध्ये चूक शोधत बसतो.

चौथा प्रकार सगळ्यात घातक, अर्थ फिरवणारी चूक. इंग्रजीतले 'नॉट' आणि 'नाऊ' या शब्दांत एकाच अक्षराचा फरक. 'हा नियम आता लागू होतो' आणि 'हा नियम लागू होत नाही' यांत जमीन-अस्मानाचं अंतर. ही चूक स्पेलिंग तपासणाऱ्या यंत्राला सापडत नाही, कारण दोन्ही शब्द शब्दकोशात आहेत. आपल्याकडं 'दिन' आणि 'दीन' यांचं तसंच. 'बालक दिन' ऐवजी 'बालक दीन' छापलं तर यंत्र गप्प बसेल, वाचणारा मात्र थबकेल.

यंत्राला सापडणाऱ्या चुका आज ना उद्या यंत्र काढेलच. चौथ्या प्रकारासाठी मजकूर समजून वाचणारा माणूस लागतो. नवशिक्याची खरी किंमत इथं आहे.

कशाला हात लावायचा नाही?

नावांना. फंक्शनचं नाव, सेटिंगचं नाव, नियमाचं नाव चुकीच्या स्पेलिंगनं एकदा बाहेर पडलं की ते हजारो लोकांच्या फायलींत जाऊन बसतं. परस्पर बदललं तर त्यांचं काम बंद पडतं.

याचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण वेबवरचं. आधीच्या पानाचा पत्ता कळवणारं 'रेफरर' नावाचं एचटीटीपी हेडर आहे. १९९६ च्या आरएफसी १९४५ या दस्तऐवजात त्याच्या स्पेलिंगमध्ये मधला एक 'आर' कमी आहे. तोपर्यंत वापर पसरला होता, त्यामुळं चूक तशीच कायम झाली. पुढं आलेल्या 'रेफरर-पॉलिसी' हेडरमध्ये मात्र स्पेलिंग बरोबर आहे. आज दोन्ही शेजारी शेजारी नांदतात. युनिक्समधल्या 'क्रिएट' या सिस्टिम कॉलच्या शेवटी 'ई' नाही, तोही तसाच राहिला. युनिक्स पुन्हा केलं तर काय बदलाल, या प्रश्नावर केन थॉम्पसन यांनी तो 'ई' जोडेन असं सांगितल्याचं प्रसिद्ध आहे.

लिंटरमध्ये नाव बदलायची रीत असते, पण ती वेगळी. पायलिंटमध्ये संदेशाचं जुनं नाव नोंदवून ठेवण्याची सोय आहे. क्लिपीमध्ये नाव बदललेल्या नियमांची यादी असते, त्यामुळं जुनं नाव वापरणाऱ्याला इशारा मिळतो. हे काम स्पेलिंग-दुरुस्तीच्या नावाखाली करू नये. आधी चर्चा करावी.

चाचणीच्या फायलींपासूनही जपून राहा. स्पेलिंग तपासणाऱ्या नियमाच्या चाचणीत चूक मुद्दाम लिहिलेली असते. पायलिंटच्या माहितीपानांवर 'चुकीचं' आणि 'बरोबर' अशी दोन उदाहरणं असतात. त्यातलं चुकीचं सुधारलं तर पानाचा उद्देशच संपतो.

लिंटर वापरणाऱ्याला जो संदेश दाखवतो, तोही कॉमेंट नव्हे. क्लिपीच्या चाचण्यांत अपेक्षित उत्तर वेगळ्या फायलीत जसंच्या तसं साठवलेलं असतं. संदेशातलं एक अक्षर बदललं की चाचणी नापास. चाचणीच्या कोडमध्ये ओळीच्या शेवटी असलेली कॉमेंट बदलली तरी तेच, कारण उत्तराच्या फायलीत ती ओळही छापलेली असते. असा बदल केला तर 'कार्गो ब्लेस' ही आज्ञा चालवून उत्तराच्या फायली नव्यानं तयार कराव्या लागतात.

आणखी एक खास आपल्या शाळांमुळं होणारी गडबड. आपण 'कलर' आणि 'बिहेव्हियर' यांत 'यू' घालून शिकलो, कारण आपल्याकडं ब्रिटिश स्पेलिंग शिकवतात. बहुतेक प्रकल्पांत अमेरिकन पद्धत चालते. तिथं 'यू' नसणं ही चूक नाही. ती 'सुधारून' पाठवली तर हसं होतं.

चुका शोधायची साधनं

कोडस्पेल हे या कामासाठीचं जुनं आणि सोपं साधन. ते पूर्ण शब्दकोश घेऊन बसत नाही. नेहमी होणाऱ्या चुकांची यादी ठेवतं आणि तेवढ्याच पकडतं. त्यामुळं फंक्शनची चित्रविचित्र नावं बघून ते सारखं ओरडत नाही. चालणारे शब्द वगळायची यादी त्याला देता येते. रस्टमध्ये लिहिलेलं टायपोज आणि गो भाषेत लिहिलेलं मिसस्पेल ही त्याच जातीची साधनं.

लिनक्स कर्नलच्या 'चेकपॅच' या तपासणी-स्क्रिप्टसोबतही अशीच एक यादी असते. डावीकडं चूक, मधे दोन उभ्या रेघा, उजवीकडं बरोबर शब्द. मांडणी इतकी साधी, की किराणा दुकानदाराच्या वहीची आठवण यावी.

पायलिंटमध्ये कॉमेंट आणि डॉकस्ट्रिंग यांतलं स्पेलिंग तपासणारा विभाग आहे. तो पूर्ण शब्दकोशावर चालतो. शब्दकोश निवडल्याशिवाय तो सुरू होत नाही आणि त्यासाठी पायएन्चांट हे पॅकेज लागतं. नेहमीच्या तांत्रिक शब्दांसाठी स्वतःची खासगी यादी द्यावी लागते, नाहीतर इशाऱ्यांचा पाऊस पडतो.

साधन कुठलंही असो, सगळं आपोआप बदलून टाकणारा पर्याय सुरुवातीला वापरू नका. एकेक ओळ डोळ्यांखालून घाला.

पाठवायची पद्धत

१. प्रकल्पाची 'कॉन्ट्रिब्युटिंग' फाइल आधी वाचा. स्पेलिंगच्या दुरुस्त्या हव्यात की नकोत, हे काही ठिकाणी स्पष्ट लिहिलेलं असतं.

२. तीच दुरुस्ती दुसऱ्या कुणी आधीच पाठवली आहे का, ते पाहा.

३. गिटहबवर एकाच फायलीतला बदल असेल तर पेन्सिलच्या चिन्हावर क्लिक करून ब्राउझरमध्येच करता येतो. प्रकल्पाची तुमच्या नावची प्रत, म्हणजे फोर्क, गिटहबच तयार करून देतं.

४. सारख्या चुका एकाच पुल रिक्वेस्टमध्ये घाला. दहा चुकांच्या दहा रिक्वेस्ट म्हणजे तपासणाऱ्याला दहा हेलपाटे. मात्र कॉमेंट आणि संदेश यांची खिचडी नको, ते वेगळे पाठवा.

५. शीर्षक प्रकल्पाच्या रीतीनं द्या. ईएसलिंटमध्ये फक्त माहितीपानातला बदल असेल तर सुरुवातीला 'डॉक्स' लिहितात. 'फिक्स' हा शब्द प्रोग्रॅममधल्या बिघाडासाठी राखलेला आहे. क्लिपीमध्ये वापरणाऱ्यांना सांगण्यासारखं काही नसेल तर 'चेंजलॉग : नन' अशी ओळ लिहितात.

६. वर्णन दोन ओळींत संपवा. काय बदललं आणि कोडच्या वागण्यात फरक पडत नाही, एवढं पुरे.

नाव खराब का झालं?

डिजिटलओशन ही कंपनी २०१४ पासून दर ऑक्टोबरला हॅकटोबरफेस्ट हा उपक्रम घेते. ठरावीक पुल रिक्वेस्ट पाठवल्या की टी-शर्ट मिळायचा. २०२० मध्ये टी-शर्टसाठी कुठंही एखादा शब्द घालून रिक्वेस्ट पाठवणाऱ्यांची इतकी गर्दी झाली, की प्रकल्प सांभाळणारे वैतागले. त्याच महिन्यात नियम बदलावा लागला आणि संमती दिलेल्या प्रकल्पांतलीच कामं मोजली जाऊ लागली. त्या वादात आपल्या देशातल्या एका यूट्यूब व्हिडिओचीही चर्चा झाली. पुढं २०२४ मध्ये एक्सप्रेस या प्रकल्पाच्या रीडमी फायलीत आपलं नाव घालणाऱ्या रिक्वेस्टचा असाच लोंढा आला. त्याचं मूळही भारतातल्या एका शिकवणीच्या व्हिडिओत होतं.

हे कटू असलं तरी सांगायला हवं. समोरचा मेंटेनर बहुतेक वेळा बिनपगारी, रात्री जेवण उरकून बसलेला असतो. प्रत्येक रिक्वेस्ट त्याला उघडून वाचावी लागते आणि चाचण्या चालू द्याव्या लागतात. फुकटची गर्दी झाली की मनापासून पाठवलेली दुरुस्तीही त्याच ढिगात जाते. बेळगावच्या किंवा इंदूरच्या एखाद्या मुलीनं खरोखर 'नॉट' आणि 'नाऊ'ची चूक पकडली असेल, तरी तिचं नाव बघून आधी संशय घेतला जातो. नुकसान तिचं होतं.

सीमाभागातली आपली मुलं घरात मराठी, बाजारात कन्नड, कॉलेजात इंग्रजी अशी वाढतात. एकाच पाटीवरचा मजकूर दोन-तीन लिप्यांत वाचताना कुठलं अक्षर चुकलं ते त्यांच्या नजरेला पटकन दिसतं. ही सवय इथं उपयोगी पडते, फक्त तिला समजून वाचण्याची जोड हवी. आज एखाद्या लिंटरच्या एका नियमाचं माहितीपान पूर्ण वाचा. त्यातलं उदाहरण स्वतः चालवून पाहा. लिहिलंय तसं घडतंय का, ते तपासा. चूक सापडली तर पाठवा. नाही सापडली तरी एक नियम पक्का कळलेला असेल.