६२ पट्ट्या आणि देवनागरी

पुण्याच्या सी-डॅकचं जिस्ट कार्ड वापरलेली माणसं आता पन्नाशीच्या पुढे गेली. विंडोज रुळण्याआधी डॉसच्या काळ्या पडद्यावर मराठी उमटायची ती या कार्डाच्या जोरावर. डॉसच्या लेखी पडद्यावरच्या एका घरात एकच ठरावीक अक्षर. ऱ्हस्व वेलांटी आधी काढायची, रफार डोक्यावर चढवायचा, जोडाक्षर जुळवायचं, हे त्याला ठाऊकच नव्हतं. पडद्यावर देवनागरी जुळवण्याचं, आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेलं काम मोहन तांबे यांनी सी-डॅकमध्ये पुढे नेलं. कार्ड स्लॉटमध्ये बसवलं की डीबेससारखा इंग्रजीसाठी लिहिलेला प्रोग्रॅमही देवनागरी दाखवू लागे.

असं कार्ड बाहेरच्या कुणाला बनवता आलं, याचं श्रेय एका जाडजूड मॅन्युअललाही द्यायला हवं.

१९८१ साली पीसी बाजारात आणताना आयबीएमने त्याचं टेक्निकल रेफरन्स मॅन्युअलही विक्रीला ठेवलं. सर्किटच्या आकृत्या, बायॉसचा अख्खा प्रोग्रॅम आणि स्लॉटमधल्या ६२ पट्ट्यांचा तक्ता, सारं त्यात छापलेलं होतं. दोन्ही बाजूंना ३१-३१ पट्ट्या. ए बाजूला २ ते ९ क्रमांकांवर डेटा, १२ ते ३१ वर मेमरीचा पत्ता. मधली दहावी तर फार कामाची: कार्डाला उशीर लागणार असेल तर त्याने या पट्टीवरचा सिग्नल खाली ओढायचा, प्रोसेसर थांबून राहतो.

१९८४च्या पीसी एटी या पुढच्या मॉडेलच्या स्लॉटमध्ये आणखी ३६ पट्ट्या आल्या, पण कोणता सिग्नल नेमका किती नॅनोसेकंद टिकतो याचं पूर्ण वेळापत्रक आयबीएमने दिलं नाही. कार्ड बनवणाऱ्यांना ते आकृत्या आणि चिपच्या डेटाशीटवरून काढावं लागे. त्यामुळेच इतर कंपन्यांनी बनवलेल्या एका क्लोनमध्ये चालणारं कार्ड दुसऱ्यात अडे.

१९८७ साली आयबीएमने पीएस/२ या नव्या मालिकेसाठी मायक्रो चॅनल ही नवी बस, म्हणजे स्लॉटची नवी रचना, आणली आणि तिच्यावर परवान्याची अट घातली. कॉम्पॅकसह नऊ कंपन्यांनी १९८८मध्ये ईसा ही आपली बस जाहीर करून उत्तर दिलं. पीसी-एटीच्या जुन्या बसला आयएसए हे नावही तेव्हाच पडलं. आयईईईने तिचं प्रमाण लिहायला घेतलं, पी९९६ या क्रमांकाखाली. ते मसुद्यातच राहिलं.

म्हणूनच त्या काळातलं प्रत्येक छापील मॅन्युअल मोलाचं आहे. खेड, चिपळूण, दापोलीकडच्या एखाद्या छापखान्याच्या किंवा कचेरीच्या माळ्यावर असं जिस्ट कार्ड सापडलं, तर ते भंगारात देऊ नका. सोबतची पुस्तिकाही जपून ठेवा आणि तिचं पानन् पान स्कॅन करा.