एका साथीची अनेक नावे

१८९६ साली मुंबईत शिरलेल्या आणि पुढे पुण्यात पसरलेल्या साथीला आपण आज सरळ ‘प्लेग’ म्हणतो. त्या काळच्या मराठी लेखनात मात्र ‘ग्रंथिक सन्निपात’ हेही तिचे नाव. डिजिटल ग्रंथालयात मी नुसते ‘प्लेग’ टाकले, तर यंत्र तेवढी अक्षरे शोधते, अर्थ नाही. दुसऱ्या नावाखालचे कागद जपलेले असूनही हरवलेलेच राहतात.

हा पेच संगणकाच्या फार आधीचा आहे. एका वस्तूची अनेक नावे वर्गवार बांधण्याचे काम आपल्याकडे अमरकोशाने केले. ग्रंथसूचीच्या बाबतीत अमेरिकेतील चार्ल्स कटर यांनी १८७६ मध्ये नियम मांडले: विषयाला एक नाव ठरवावे आणि इतर नावांवरून वाचकाला तिकडे वळवावे. मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल एस. आर. रंगनाथन यांनी १९३३ च्या कोलन वर्गीकरणात त्यापुढचे पाऊल टाकले. विषय म्हणजे बंद कप्पा नव्हे, सुट्या पैलूंची जुळणी होय. रोग, उपाय, स्थळ, काळ वेगळे ठेवले की ‘प्लेग, विलगीकरण, पुणे, १८९७’ अशी मांडणी होते आणि कोणत्याही टोकाकडून शोध घेता येतो. लंडनच्या वर्गीकरण संशोधन मंडळाने १९५५ मध्ये हीच पद्धत सर्व माहितीशोधाचा पाया मानावी, असे म्हटले.

अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाने १९६० मध्ये वैद्यकीय विषयशीर्षकांची यादी काढली. आज ‘पबमेड’वर कुणी ‘हार्ट अटॅक’ असे बोलीतले नाव टाकले, तरी त्याच्या शास्त्रीय नावाखालचे लेखही समोर येतात, ते या यादीमुळे.

पण ठरलेले नाव ठरवायचे कुणी? सॅनफर्ड बर्मन यांनी १९७१ मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या शीर्षकांतले पूर्वग्रह उघडे पाडले. आपल्याकडे जाती-जमातींच्या नावांबाबत हा प्रश्न अधिकच तीव्र आहे. माणसांना हिणवणारी जुनी नावे शीर्षक म्हणून चालवू नयेत. मात्र ती पुसूनही टाकू नयेत, कारण जुन्या दप्तरापर्यंत जाणारी वाट त्यांतूनच जाते. ती पोटनोंदीत ठेवावीत आणि तिथून आजच्या नावाकडे बोट दाखवावे.

मराठीसाठी अशी शब्दावली भाषातज्ज्ञ, ग्रंथपाल आणि इतिहासाचे अभ्यासक यांनी एकत्र बसून करावी लागेल. नुसती पाने स्कॅन केल्याने ग्रंथ वाचतो; वाचकाच्या हाती तो पडतो नीट केलेल्या नोंदीमुळे.