पॉपअप व मोडल : वाचकास अडविण्याच्या अधिकाराचा इतिहास

संकेतस्थळाच्या पानावर मध्येच उघडणारी खिडकी ही सामान्यतः सोयीची किंवा सजावटीची बाब समजली जाते. तिच्या इतिहासात मात्र आरंभापासून एक निराळाच प्रश्न गुंतलेला आढळतो : चालू वाचन थांबविण्याचा अधिकार कोणाचा ?

‘मोडल’ या संज्ञेचे मूळ लॅटिन ‘मोडुस’, म्हणजे रीत, या शब्दात आहे. इंग्रजी व्याकरणातील ‘मूड’ (मराठी वैयाकरण ज्यास क्रियापदाचा ‘अर्थ’ म्हणतात) हा शब्दही त्याच कुळातला. संगणकाच्या परिभाषेत ‘मोड’ म्हणजे यंत्राची अशी अवस्था, की जीत तीच कळ दाबली असता निराळे कार्य घडते. झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधनकेंद्रात लॅरी टेस्लर यांनी १९७० नंतरच्या दशकात अशा अवस्थांना कडवा विरोध केला; त्यांच्या मोटारीच्या क्रमांकपट्टीवरही ‘नो मोड्स’ हीच अक्षरे होती. हा आक्षेप इतका जुना असूनही पुढे वेबने मोडल खिडकी निःशंकपणे स्वीकारली.

ब्रेंडन आइक यांनी १९९५ साली नेटस्केपसाठी जावास्क्रिप्ट रचली. तिच्या पहिल्याच आवृत्तीत ‘अलर्ट’ सूचना देई, ‘कन्फर्म’ होकार-नकार विचारी, ‘प्रॉम्प्ट’ शब्दांत उत्तर मागे. वाचकाने उत्तर देईपर्यंत प्रोग्रॅम त्याच ओळीवर खिळून राही. ‘विंडो.ओपन’ ही आज्ञा याहून भिन्न होय. तिने नवी खिडकी उघडते, परंतु मागचे पान अडत नाही. पॉपअप समोर येतो, मोडल अडवितो. हा भेद बोलण्यात वारंवार पुसला जातो.

दुरुपयोग झाला तो प्रथम ‘विंडो.ओपन’चा. ट्रायपॉड या संकेतस्थळावर सदस्यांच्या पानांतच जाहिराती दिसत. एका जाहिरातदारास आपली जाहिरात आक्षेपार्ह मजकुराशेजारी आढळली, तेव्हा ती स्वतंत्र खिडकीत दाखविण्याचा प्रोग्रॅम ईथन झुकरमन यांनी लिहिला. हेतू जाहिरात पानापासून दूर ठेवण्याचा होता, हे ध्यानात घेतले पाहिजे. २०१४ साली त्यांनी याबद्दल जाहीर क्षमा मागितली.

तोवर ब्राउझरांनी प्रतिकार केला होता. २००२ मधील मोझिला १.० मध्ये पॉपअप रोखण्याची सोय होती. ऑगस्ट २००४ मध्ये विंडोज एक्सपीच्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकमधून ती इंटरनेट एक्सप्लोररलाही मिळाली. कसोटी साधी होती : वाचकाने स्वतः क्लिक केले असेल, तरच नवी खिडकी. अधिकार प्रथमच वाचकाच्या कृतीशी बांधला गेला.

लेखकांनी मग खिडकी पानाच्या आतच रंगविली. काळसर पडदा व त्यावर एक चौकट, एवढ्याने काम भागे. २००५ च्या ‘लाइटबॉक्स’ने ही रीत लोकप्रिय केली. पण ही खिडकी केवळ डोळ्यांपुरती होती. कळफलकावरील टॅब दाबली की लक्ष पडद्यामागील दुव्यांवर जाई, आणि स्क्रीनरीडरवर विसंबणाऱ्या अंध वाचकास चौकट उघडल्याचे कळतही नसे. या दोषाकडे दीर्घकाळ दुर्लक्ष झाले, हे या इतिहासातील सर्वांत खेदजनक प्रकरण म्हटले पाहिजे.

२०१४ मध्ये क्रोमच्या ३७ व्या आवृत्तीत मायक्रोसॉफ्टप्रणीत ‘शोमोडलडायलॉग’ बंद झाले व एचटीएमएलचा ‘डायलॉग’ हा घटक आला. फायरफॉक्स व सफारीत तो मार्च २०२२ मध्ये पोहोचला. ‘शोमोडल’ म्हणताच ब्राउझर स्वतः चौकट सर्वांत वर आणतो, मागचे पान निष्क्रिय करतो, कळफलकाचे लक्ष आत नेतो. एस्केप कळीने ती मिटते. प्रोग्रॅम मात्र खिळून राहत नाही. तथापि, ही आज्ञा वाचकाने काहीही न करता, पान उघडताच, चालविता येते. पॉपअपला लावलेली क्लिकची कसोटी तिला लागू नाही.